बडोद्याच्या मराठी घरांतले जुने फोटो आणि मोडी कागद : वंशावळीसाठी जपायचे कसे, वाचायचे कसे?

वडोदरा : दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातला एखादा जुना वाडा पाडायला निघतो तेव्हा सगळ्यात आधी सागवानी खांबांना गिऱ्हाईक मिळतं, मग तांब्या-पितळेच्या भांड्यांना. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेला मिळत नाही. तिच्यात पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो असतात, सुतळीने बांधलेली पोस्टकार्डं, गुंडाळीच्या जन्मपत्रिका, आणि तळाशी कापडात बांधलेले कागद, ज्यांच्यावरचं अक्षर घरात कुणालाच लागत नाही. घर रिकामं करायची घाई असते. ट्रंक पस्तीवाल्याकडे, म्हणजे आपल्या रद्दीवाल्याकडे जाते.

हल्ली यावर सोपा उपाय सुचवला जातो : सगळं स्कॅन करून टाका. नातवंडं दिवाळीच्या सुट्टीत बसून चारपाचशे फोटो मोबाईलने टिपतात आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात. दोन दिवस वाहवा होते. वर्षभराने त्यातल्या किती चेहऱ्यांची नावं कुणी सांगू शकेल? ज्या फोटोखाली नाव नाही तो स्कॅन केला तरी अनोळखीच राहतो. स्कॅनर पुढच्या वर्षीही मिळेल. 'ही डावीकडची आमची नवसारीची आत्या' असं सांगणारी नव्वदीतली आजी मिळेलच असं नाही. म्हणून कामाचा क्रम उलटा लावायला हवा. आधी माणसं, मग कागद, मशीन शेवटी.

आजींसमोर बसताना

फोटो अल्बममधून ओढून काढू नयेत. आहेत त्या क्रमाने आधी प्रत्येक पानाचा फोटो घ्यावा, कारण क्रम हासुद्धा पुरावा असतो. एकाच पानावरचे फोटो बहुधा एकाच प्रसंगाचे असतात. सुट्या फोटोंना मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने क्रमांक टाकावा. बॉलपेन नको. दाबून लिहिलं की पुढे वळ उमटतो आणि शाई पुढे-मागे फुटते.

मग मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करून, क्रमांक मोठ्याने म्हणत एकेक फोटो दाखवावा. 'हे कोण?' एवढंच विचारलं तर उत्तर येतं 'अरे, हे आपले भाऊ'. आता भाऊ, नाना, तात्या, बापू, अण्णा प्रत्येक पिढीत एकेक असतो. त्यामुळे कागदावरचं नाव, वडिलांचं नाव, गाव हे विचारून घ्यावंच लागतं. मराठी घरांत नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची रीत असल्याने 'गणेश रामचंद्र' आणि 'रामचंद्र गणेश' पिढ्यान् पिढ्या आलटून-पालटून येतात. नुसत्या नावावर विसंबलं तर आजोबा आणि पणजोबा एकाच माणसात जमा होतात. नावापुढे जन्माचं अंदाजे वर्ष लिहिलं की हा घोळ टळतो.

बायकांच्या बाबतीत अडचण दुप्पट. लग्नात नाव बदललेलं असतं, त्यामुळे माहेरच्या फोटोतली एक आणि सासरच्या कागदातली दुसरी अशा दोन बाया नोंदल्या जातात. जुन्या वंशावळींत तर मुलींना जागाच नसते. झाड नुसतं मुलग्यांचं. ही तूट भरून काढायला एक दुर्लक्षित कागद उपयोगी पडतो : लग्नातल्या आहेराची यादी. कुणी काय दिलं याच्या नोंदीत मामा, मावश्या, व्याही, लेकींची सासरं अशी सोयरिकीची सगळी मांडणी सापडते.

पोस्टकार्डंही वाचावीत. मायन्यात एखाद्या बाईंचा उल्लेख १९३६ च्या पत्रात 'सौ.' असा आणि १९४१ च्या पत्रात 'गं. भा.' असा असेल, तर तिच्या नवऱ्याचा मृत्यू त्या पाच वर्षांत झाला हे ठरतं. तारीख पुसट असेल तर पोस्टाचा शिक्का भिंगाने बघावा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला.

बडोद्याच्या कागदांची गोष्ट वेगळी

पुण्या-साताऱ्याच्या घरापेक्षा बडोद्याच्या मराठी घराचे कागद जास्त पांगलेले असतात आणि त्याचं कारण इतिहासात आहे. १७३४ मध्ये बडोदे कायमचं गायकवाडांच्या हाती आलं. त्यानंतरच्या दोन शतकांत शिलेदार, कारकून, पुरोहित, वैद्य, शिक्षक असे लोक देशावरून आणि कोकणातून येत राहिले. खुद्द सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यातल्या कौळाण्याचे. १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले. 'रियासत'कार गो. स. सरदेसाई १८८९ पासून साडेतीन दशकं बडोद्याच्या नोकरीत होते. अशा नामवंतांचे कागद कुणीतरी जपले. त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या कारकुनाचे कागद जपणं त्याच्या पणतवंडांकडेच आहे.

संस्थान एका तुकड्यात नव्हतं. बडोदे, कडी म्हणजे पुढचं मेहसाणा, नवसारी, अमरेली, ओखामंडळ असे प्रांत गुजरात-काठेवाडभर विखुरलेले होते आणि नोकरदारांच्या बदल्या या सगळ्यांत होत. म्हणून एकाच घरातला थोरला मुलगा अमरेलीत जन्मलेला, मधला मेहसाण्यात आणि धाकटा बडोद्यात असं दिसतं. फोटोच्या पुठ्ठ्यावर नवसारीच्या स्टुडिओचं नाव असेल तर गोंधळून जायचं कारण नाही; त्या काळी आजोबांची नेमणूक कुठे होती ते शोधावं.

स्टुडिओचा शिक्का हा तारखेचाही धागा असतो, म्हणून पुठ्ठ्याची मागची बाजूही न चुकता स्कॅन करावी. बडोद्यात फोटोग्राफी लवकर रुजली. १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवनात तिचे धडे घेतलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पुढे गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला होता, सिनेमाच्या कितीतरी आधी.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. ११ वर्षांनी, १ मे १९६० ला, मुंबई राज्याचेच दोन भाग झाले. म्हणजे घर न हलवता एका पिढीने तीन सरकारं पाहिली. मूळ गाव महाराष्ट्रात, नोकरीची नोंद गुजरातच्या दप्तरात आणि शाळेचा दाखला तिसरीकडेच अशी स्थिती त्यातून आली. बेळगाव, निपाणी, बिदर, भालकीच्या वाचकांना हे सांगायला नको. तिथे हेच १ नोव्हेंबर १९५६ ला घडलं.

तारखेचा गुंता

बडोद्याच्या ट्रंकेत एकाच घरातले कागद तीन-चार कालगणनांत सापडतात. जन्मपत्रिकेत शक, गुजराती सावकाराच्या पावतीवर संवत, सनदेवर अरबी सन, आणि सर्व्हिस बुकात इंग्रजी तारीख. ही सांगड चुकली की मुलगा बापाच्या आधी जन्मतो.

शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. जानेवारी ते फाल्गुन अखेरपर्यंतच्या तारखेला ७९ मिळवावे. गुजरातेतला विक्रम संवत कार्तिकात, दिवाळीच्या पाडव्याला बदलतो. तिथपासून डिसेंबरपर्यंत संवतातून ५७ वजा करावे, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. उत्तरेकडचा संवत मात्र चैत्रात बदलतो. गुजराती कागदातलं 'सुद' म्हणजे आपलं शुद्ध आणि 'वद' म्हणजे वद्य. महिन्यांची नावं महाराष्ट्रात आणि गुजरातेत जुळतात, कारण दोन्हीकडे महिना अमावास्येला संपतो. हरिद्वारच्या पंड्यांच्या वहीत तसं नसतं. तिथे महिना पौर्णिमेला संपत असल्याने आपला श्रावण वद्य पक्ष त्यांच्याकडे भाद्रपदात जातो.

मोडी कागदांवर शुहूर सन असतो आणि तो बहुतेक वेळा आकड्यात नसून अरबी शब्दांत असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. हे वर्ष मृगाच्या सुमारास, मे अखेर ते जूनच्या आरंभी सुरू होतं. तेव्हापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ मिळवावे आणि जानेवारीपासून ६००. म्हणजे ११६१ च्या सनातला पौष-माघ जानेवारी-फेब्रुवारी १७६१ मध्ये येतो. पानिपतची लढाई याच सनातली. दख्खनी फसली सन शुहूर सनाच्या नऊने पुढे असतो, म्हणून त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे.

आपल्या घरांतली एक गंमत अशी की मृत्यूची तिथी सगळ्यांना पाठ असते, वर्ष कुणालाच ठाऊक नसतं. श्राद्धाला तिथी पुरते, वर्ष लागत नाही. पण तिथीबरोबर वार आठवत असेल तर वाट निघते. 'भाद्रपद शुद्ध पंचमी, मंगळवार' हा मेळ दर वर्षी बसत नाही. जुन्या पंचांगांतून अंदाजे पंधरा-वीस वर्षांचा टप्पा तपासला की दोन-तीन वर्षंच उरतात. मग थोरल्या मुलाची मुंज त्याआधी झाली की नंतर, एवढ्या एका आठवणीवरही वर्ष पक्कं होऊ शकतं.

मोडी कागद हाती आले तर

पहिली गोष्ट, अक्षर लागत नाही म्हणून कागद निरुपयोगी ठरवू नये. दुसरी, त्यात गुप्तधनाचा पत्ताही नसतो. घराघरांतले बहुतेक मोडी कागद हिशेब, कर्जरोखे, वाटणीपत्रं, इनामाच्या नकला आणि पत्रं असतात. वंशावळीसाठी यातलं वाटणीपत्र सर्वांत मोलाचं, कारण त्यात सगळे भाऊ आणि पुतणे नावानिशी हजर असतात.

मोडी पूर्ण शिकायला चिकाटी लागते, पण कामापुरती ओळख थोड्या दिवसांत होते. आधी आकडे, मग घराण्याचं आडनाव, मग गावाचं नाव कसं दिसतं ते डोळ्यात बसवावं. 'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमुकचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमुकची बायको, 'मजकूर' म्हणजे वर सांगितलेला. 'मौजे'नंतर गाव येतं, 'परगणे'नंतर त्याचा महसुली विभाग. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत, म्हणून नाव लिहून घेताना आपलं शुद्धलेखन त्यावर लादू नये. रकमेपुढे 'बाबाशाही' असेल तर तो बडोद्याचा स्वतःचा जुना रुपया, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर व्यवहारातून गेलेला. कागद त्याआधीचा धरायला हरकत नाही. कचेरीतले शब्द अडले तर 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा १९३१ चा बहुभाषी कोश आहे. संस्थानी कारभारातले शब्द मराठी, गुजराती, इंग्रजीसह आठ भाषांत देणारं असं दुसरं पुस्तक शोधून सापडणार नाही.

लिप्यंतर जाणकाराकडून करून घेतलं तरी मूळ ओळ आणि देवनागरी ओळ समोरासमोर ठेवावी. न लागलेला शब्द अंदाजाने भरू नये, जागा मोकळी सोडावी. अंदाज पुढच्या पिढीला माहिती म्हणून पोहोचतो.

स्कॅनिंग

घरी साधा फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर फोटो ६०० डीपीआयवर रंगीत घ्यावेत, काळे-पांढरे असले तरी. पिवळेपणा, डाग, शाईचा रंग ही सगळी माहितीच असते. अंगठ्याएवढे किंवा दोन-तीन इंची फोटो १२०० वर, निगेटिव्ह २४०० किंवा त्याहून वर. मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवावी आणि वाटायला जेपीजी काढावी. ४ बाय ६ इंची फोटोची ६०० डीपीआयची टिफ फाइल सुमारे २६ एमबी होते. ५०० फोटोंना १३ जीबी लागले. पेनड्राइव्हवर मावतं, फक्त पेनड्राइव्हवर ठेवू मात्र नये.

ठिसूळ कागद आणि लांब जन्मपत्रिका स्कॅनरमध्ये दाबू नयेत. त्यांचे सावलीतल्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, वरून सरळ मोबाईलने फोटो घ्यावेत आणि कडेला पट्टी ठेवावी म्हणजे आकार कळतो. फाटलेल्या जागी सेलोटेप लावला की काही वर्षांत तो पिवळा पडून कागद खातो. लॅमिनेशन तर करूच नये. सनदेचं लॅमिनेशन करून ती फ्रेममध्ये लावलेली घरं कमी नाहीत आणि ते नुकसान भरून येत नाही.

फाइलला नाव देताना वर्ष, गाव, प्रसंग, क्रमांक असा एकच क्रम ठेवावा : '१९३८-अमरेली-मुंज-०४'. वर्ष नक्की नसेल तर '१९३?-' असं नोंदवहीत लिहावं. फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, तिथे फुली टाकावी. कोण कुठे उभं आहे, ही माहिती कुणी दिली आणि कधी दिली, हे एका तक्त्यात क्रमांकानुसार लिहावं. दोन काकूंनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहावीत. ॲपने रंग भरलेले, चेहरे गुळगुळीत केलेले फोटो भिंतीवर लावायला ठीक आहेत. मूळ प्रतीत ते मिसळू देऊ नयेत, नाहीतर पणजोबांना संगणकाचं नाक मिळतं.

घराबाहेर कुठे शोधावं

वडोदऱ्यात गुजरात राज्य अभिलेखागाराचं दक्षिण वर्तुळ कार्यालय आहे. संस्थानाच्या दप्तराचा मोठा भाग तिथे आहे. जाण्यापूर्वी पूर्वजांचं खातं, हुद्दा आणि अंदाजे वर्षं कागदावर मांडून न्यावीत. 'आमच्या घराण्याचं काही आहे का?' या प्रश्नाला कुठल्याच दप्तरखान्यात उत्तर नसतं. नेमणुका आणि बदल्यांसाठी 'आज्ञापत्रिका' हे संस्थानाचं राजपत्र चाळावं. १९१० मध्ये सुरू झालेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी पुस्तकांचा जुना संग्रह आहे, त्यात घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला असेल तर बघावा. कुलवृत्तांत हे मराठीचं खास धन आहे, पण ते छापणाऱ्यांनी जे कळवलं तेवढंच त्यात आलं. कळवायला न गेलेल्या शाखा गळाल्या. परगावी, म्हणजे बडोद्याला गेलेल्या शाखा त्यात विशेष.

मूळ गाव सापडलं की नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडची नामावळी हा पुढचा टप्पा. तिथल्या वह्यांत आडनाव आणि गावावरून शोध लागतो, आणि घराण्यातलं कुणी येऊन गेलं असेल तर त्याची सही किंवा नोंद मिळते. उत्तरेकडच्या तीर्थक्षेत्रांतल्या अशा वह्यांचं मायक्रोफिल्मिंग अमेरिकेतल्या युटाच्या जीनिऑलॉजिकल सोसायटीने १९७० च्या दशकापासून केलं, त्यामुळे काही वह्या परदेशातूनही बघता येतात.

दाखल्यासाठी शोधत असाल तर

वंशावळीची हौस नसलेली माणसंही अलीकडे ट्रंका उघडू लागली आहेत. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक, शाळेचं जनरल रजिस्टर, जुने सातबारे हे शब्द घरोघरी पोहोचले.

राज्याबाहेरच्या मराठी कुटुंबांनी इथे एक फरक ध्यानात ठेवावा. महाराष्ट्रात जात पडताळणीसाठी ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, तर अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. पण त्या मानीव दिनांकाला कुटुंब राहत कुठे होतं, हा प्रश्न आधी येतो. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्याला नव्या राज्यात आरक्षण आपोआप मिळत नाही. त्यामुळे बडोद्यातल्या घराला जातीच्या नोंदीइतकीच रहिवासाची नोंद महत्त्वाची : भाडेपावती, शाळा सोडल्याचा दाखला, संस्थानी नोकरीचा हुकूम. ज्या कागदाला घरात कुणी किंमत देत नाही तोच इथे कामी येतो.

घरी केलेला स्कॅन पुरावा ठरत नाही. तो फक्त रस्ता दाखवतो : कुठल्या गावची, कुठल्या सालची, कुठल्या रजिस्टरची नोंद. त्यावरून संबंधित कचेरीची प्रमाणित नक्कल काढावी लागते. पुसट अक्षर ठळक करायला स्कॅनवर हात फिरवलेला असेल तर मूळ कागदावरही संशय येतो.

पाणी शिरण्याआधी आणि नंतर

३१ जुलै २०१९ ला वडोदऱ्यात एका दिवसात २० इंचांच्या आसपास पाऊस पडला. त्याच मोसमात कोल्हापूर-सांगलीतही महापूर आला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी पुन्हा वस्त्यांत शिरलं. तळमजल्यावर, पलंगाखाली ठेवलेली ट्रंक हा सरळ धोका आहे. वर, आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवावी. बाहेरच्या भिंतीला ओल येते आणि माळ्यावर पत्र्याखाली उन्हाळ्यात कागद भाजून निघतात.

फोटो भिजलेच तर एकमेकांना चिकटलेल्या स्थितीत वाळू देऊ नयेत. स्वच्छ थंड पाण्यात सोडून हळू सुटे करावेत, चेहऱ्याच्या बाजूला बोट न लावता जाळीवर किंवा टिपकागदावर सावलीत उताणे ठेवावेत. उन्हात नाही, इस्त्री तर नाहीच. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढा वेळ किंवा हात नसतील तर ओले फोटो आणि कागद प्लास्टिकच्या पिशव्यांत थोडे थोडे घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि सवडीने बाहेर काढावेत. मोडी कागदांची शाई पाण्याने फुटू शकते, म्हणून ते धुवायला घेऊ नयेत.

डिजिटल प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावी. बडोद्याची एक प्रत पुण्याच्या चुलतभावाकडे आणि त्याची आपल्याकडे, अशी अदलाबदल जमते. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर तो लहान होतो आणि आतली तारीख-माहिती गळते; 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. हयात माणसांच्या जन्मतारखा, आधार कार्डं, जमिनीचे चालू उतारे ग्रुपवर किंवा वंशावळीच्या वेबसाइटवर टाकू नयेत. गेलेल्यांचं झाड सगळ्यांना दाखवावं, असलेल्यांची पानं घरच्या प्रतीत राहू द्यावीत.